स्लॅबवरचे पाहुणे

नोर्बेर्तो पडला, याविषयी इरिसारींच्या घरात दुमत नव्हते. तो कोण म्हणून पडला, एवढाच वाद होता, आणि तो आठवडाभर धुमसत होता.

स्वतः नोर्बेर्तो पुढच्या खोलीत घडीच्या पलंगावर, डावा पाय दोन उशांवर चढवून, सगळे ऐकत होता. घोटा मोडला होता; सूज उतरली की पोन्से शहरातल्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवायची होती. त्याचे आणि बायकोचे, मिग्दालियाचे, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, म्हणून त्याला सासऱ्यांच्या घरी आणून ठेवले होते. परिणामी ज्या छपरावरून तो पडला त्याच छपराखाली त्याची सोय झाली होती. त्याच्या भवितव्याची चर्चा करताना कुणी आवाज चढवण्याची गरज नव्हती. सगळेच चढवत होते.

जेवणे उरकली की कामावर जखमी होणाऱ्यांच्या सरकारी विमा निधीची तपासनीस येणार होती. त्याआधी घराने काय सांगायचे ते ठरवायचे होते.

ब्रुनिल्दाने टेबलावर हिरव्या तुरीचा भात ठेवला, तळलेल्या कच्च्या केळ्यांची थाळी ठेवली आणि ती बसली. तिघा भावंडांतली ती थोरली. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. लग्न न केलेली. आईचे आजारपण आणि धाकट्या भावाच्या धंद्याचे परवाने अशा दोन दीर्घ सेवा केलेली. पैकी आईने निदान शेवटी सुटका केली होती. भाऊ एफ्राइन तिला 'सरकार' म्हणे. त्यात लाड किती आणि सूड किती, याची चौकशी तिने कधी केली नव्हती.

"पाहुणा," एफ्राइन केळ्याचा तुकडा उचलत म्हणाला. "साधी गोष्ट आहे. पाहुणा आला, हौसेनं हातभार लावला, पाय घसरला. कुणाच्या घरी पाहुणा पडत नाही?"

"पाहुण्याच्या हातात बादली देतोस होय रे तू?" मिग्दालिया म्हणाली. "सकाळी उजाडायच्या आत फोन करून उठवलंस त्याला. 'चल, सिमेंट वाट बघत नाही.' पाहुण्याला असं बोलावतात?"

"प्रेमानं बोलावलं."

"प्रेमाला फावडं लागतं वाटतं तुझ्या."

"मला भात वाढा कुणीतरी," पलंगावरून नोर्बेर्तो म्हणाला. "पाहुणा असो का गडी, जेवायचं दोघांनाही असतं."

"तू गप्प पड," मिग्दालिया म्हणाली, आणि सगळ्यांत आधी त्याचेच ताट भरून घेऊन गेली.

या डोंगरउतारावर स्लॅब टाकायचा म्हणजे मजूर लावायचे नसतात, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि जगातल्या एकाही कार्यालयाला ठाऊक नव्हते. शेजारी येतात, भाऊबंद येतात, जमिनीपासून छपरापर्यंत बादल्यांची साखळी लागते, आणि दुपारी घरधनी कोंबडीचा पातळ भात वाढतो. मजुरी मागणे हा अपमान. देऊ करणे त्याहून मोठा. डॉन एलादिओंनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, तरुणपणी असे निम्म्या उताराचे स्लॅब टाकले होते आणि त्यांतल्या एकाचाही कागद केला नव्हता. वादळे आली, गेली. कागद असलेली पुष्कळशी घरे त्यांच्याबरोबर गेली. ती छपरे जागच्या जागी होती. म्हाताऱ्याने याचा उल्लेख इतक्यांदा केला होता की आता तो नुसता छताकडे पाहून करत असे.

गेल्या शनिवारी असाच एक स्लॅब टाकला गेला होता. तो याच घरावरच्या, ब्रुनिल्दाच्या होणाऱ्या खोलीच्या जमिनीचा होता.

फरक इतकाच होता, की मधल्या काळात एफ्राइन कायदेशीर झाला होता. 'इरिसारी आणि मुलगा, घरदुरुस्ती' ही संस्था ब्रुनिल्दाने उभी केली होती, आणि ती उभी करताना प्राचीन साम्राज्ये आपल्याच कारकुनांखाली कशी चिरडून मेली असतील, हे जे तिला पुस्तकांतून कळले नव्हते, ते रांगेत उभे राहून कळले. धंद्याचे नाव नोंदवा. नगरपालिकेचा धंदेकर भरा. ठेकेदारांच्या यादीत नाव लावा. त्यासाठी जामीन द्या, विमा दाखवा, चारित्र्याचा दाखला आणा, कर थकला नसल्याचा आणा, पोटगी थकली नसल्याचा आणा. एफ्राइनला मूल नव्हते. नसलेल्या मुलाची पोटगी आपण थकवलेली नाही, हे सिद्ध करायला तो दोनदा पोन्सेला गेला. प्रत्येक दाखल्याला आयुष्य नेमून दिलेले होते, आणि ते अशा खुबीने बेतलेले होते की शेवटचा दाखला हाती येईपर्यंत पहिला मेलेला असे. एवढे पार पडल्यावर एफ्राइनला दाराच्या बिजागऱ्या बदलण्याचा अधिकार प्राप्त झाला. विजेच्या तारेला हात लावायचा तर परवानाधारक वायरमन हवा, नळाच्या पोटात शिरायचे तर परवानाधारक प्लंबर. निधीकडच्या पॉलिसीत तीन माणसे नोंदलेली होती: एफ्राइन आणि त्याचे दोन गडी.

आणि या तीन माणसांच्या संस्थेसाठी एफ्राइनने नारिंगी शर्ट छापून घेतले, सबंध उताराला पुरतील इतके.

हा दोष एकट्याचा नव्हता. इरिसारींना एकरंगी छापील शर्टांचे वेड होते. बाप्तिस्मा असो, वाढदिवस असो, थोरल्या मावशीची अंत्ययात्रा असो, सगळे कुटुंब एका रंगात आणि पाठीवर प्रसंगाचे नाव. मावशीच्या वेळी जांभळा होता. स्लॅबच्या दिवशी एफ्राइनने येईल त्याला नारिंगी शर्ट वाटला, कारण उरले होते आणि छान दिसत होते. स्लॅब पुरा झाल्यावर सगळे कडेने ओळीत उभे राहिले, हातांत फावडी, छातीवर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक. फोटो काढायला नोर्बेर्तो. सगळे मावेनात, म्हणून तो मागे सरकला. आणखी मागे सरकला.

फोटो चांगला आला. एफ्राइनने तो हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या संस्थेच्या फेसबुक पानावर टाकला, खाली लिहिले: 'आमची मेहनती टीम.' का टाकलास, असे ब्रुनिल्दाने विचारले तेव्हा तो म्हणाला, तिथे दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

"सरकार, तू सांग ना," आता तो तिच्याकडे वळला. "कायदा काय म्हणतो?"

"आठवडाभर तेच सांगते आहे." ब्रुनिल्दाने काटा खाली ठेवला. "नोर्बेर्तो पाहुणा असेल तर तो आपल्या जबाबदारीवर पडला. निधी एक पैसा देणार नाही. शस्त्रक्रिया त्याची, औषधं त्याची, आणि घरी बसेल तेवढे महिने त्याचे."

"ऐका," मिग्दालिया म्हणाली. "पावाची गाडी चालवतो तो. गाडी निघाली तर कमिशन, नाही निघाली तर काही नाही. सरकारी आरोग्य कार्डासाठी त्याची कमाई जरा जास्त, खाजगी योजनेसाठी जरा कमी. तो पाय मी कशानं बांधू? पावाच्या पिशवीनं?"

"आणि तो संस्थेचा गडी असेल," ब्रुनिल्दा पुढे म्हणाली, "तर निधी त्याच्यावर उपचार करील, घरखर्चालाही काही देईल, आणि मग सगळ्याचं बिल एफ्राइनला लावील, कारण पॉलिसीत नोर्बेर्तोचं नाव नाही. शिवाय फोटोतल्या बाकीच्यांचीही नाहीत. तेवढी माणसं लपवून कामाला लावली म्हणून ठेकेदारांच्या यादीतून नाव जाईल. ते गेलं की जामीन गेला. जामीन गेला की—"

"कळलं, कळलं. शिकवू नकोस."

"शिकवायची नोकरी संपली माझी. ही फुकट करते आहे."

तिसराही मार्ग होता. तो तिला पहिल्याच रात्री, हॉस्पिटलातून परतताना गाडीत सुचला होता, आणि तेव्हापासून तिने तो दाताखाली धरून ठेवला होता. काम संस्थेचे नव्हतेच. ज्याच्या छपराचे काम, त्या घरमालकाने माणसे लावली असतील तर मालक तो, आणि निधीकडे त्या कामापुरती तात्पुरती पॉलिसी काढण्याची जबाबदारी त्याची. नोर्बेर्तोचा पाय बरा होईल, एफ्राइनची संस्था वाचेल. बिल छपराच्या मालकाला जाईल, आणि त्यापाठोपाठ परवाना कार्यालयाचा माणूस ते छप्पर पाहायला येईल.

आईच्या आजारपणापासून ती मागच्या पडवीत, धुण्याच्या यंत्राशेजारी पडदा लावून झोपत होती. तिची पुस्तके झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्यांत होती. दर पावसाळ्यानंतर ती त्यांतली बुरशी पुसत असे. वरच्या खोलीला दार असणार होते. आतून कडी असणार होती. निवृत्तीचा पैसा तिने त्या कडीपायी घातला होता.

तिने परवाना मागितला नव्हता असे नाही. वर्षाहून अधिक काळ अर्ज पडून होता. वरचा मजला बांधायचा तर खालच्या मजल्याचा परवाना जोडा, असे परवाना कार्यालयाचे म्हणणे. खालचा मजला वडिलांनी बादल्यांच्या साखळीने उभा केलेला. ज्या घरात ती जन्मली, जिथून तिने आईला शेवटचे बाहेर नेले, ज्याची वीज, पाणी आणि कर ती दर महिन्याला भरत होती, ते घर कार्यालयाच्या लेखी अस्तित्वात नव्हते. आणि अस्तित्वात नसलेल्या घरावर मजला चढवता येत नाही, हे तर्काच्या दृष्टीने निर्दोष होते. परवाना नाही म्हणून परवान्याचा क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून तात्पुरती पॉलिसी मिळत नाही. सळ्या उघड्यावर गंजत होत्या, वादळांचा मोसम तोंडावर आला होता, एफ्राइनला सिमेंटचा मिक्सर मिळाला. "सरकार, हो म्हण," तो म्हणाला होता. ती हो म्हणाली होती.

"मी एक म्हणू का?" पलंगावरून आवाज आला. "मला दोन्ही चालेल."

"तुला दोन्ही चालत नाही," मिग्दालिया म्हणाली. "काल रात्री मला म्हणालास, गडी सांगतो. सकाळी एफ्राइन कॉफी घेऊन आला तर त्याला म्हणालास, पाहुणा सांगतो."

"कॉफी चांगली होती."

एफ्राइन हसला, आणि मिग्दालियाला त्या हसण्याने ठिणगी लागली. "हस. तुझं काय जातंय? पाय त्याचा, घर माझं. तुझी ती संस्था—"

"माझ्या संस्थेला पापांचं नाव आहे."

"पापांनी आयुष्यात नाव छापलं नाही कशावर. शर्टावर तर नाहीच."

"बरं, मग माझी चूक. सगळी माझी. शर्ट माझे, फोन माझा. पण छप्पर कुणाचं होतं, मिग्दालिया? माझं होतं?"

आता काय होणार, हे ब्रुनिल्दाला दिसले. घराण्यांचा इतिहास तिने पुरेसा वाचला होता. दोघे भांडणारे तिसऱ्याचे नाव निघताच एका बाजूला सरकतात.

"तेही आहेच," मिग्दालिया हळू म्हणाली. "परवाना नाही हे तुला माहीत होतं, ब्रुनी. आम्हाला काय कळतं त्यातलं? तुला कळतं. तू नको म्हणाली असतीस तर कुणी वर चढलं नसतं."

"दुसऱ्यांना एकेका दाखल्यासाठी पळवते," एफ्राइन म्हणाला. "कडी बसवायला गेलो तरी विचारते, विम्याचं पत्र घेतलंस का. स्वतःच्या खोलीला मात्र—"

"स्वतःच्या खोलीला मी वर्षभर थांबले," ब्रुनिल्दा म्हणाली. तिचा आवाज खाली गेला, आणि तिच्या वर्गात बसलेल्या कुणालाही याचा अर्थ कळला असता. "तुला मिक्सर मिळाला तो तुला मिरवायचा होता. मिग्दालिया, तुला जुनं कपाट इथून हलवून त्या खोलीत ठेवायचं होतं, विचारलंही होतंस तू. नोर्बेर्तोला पातळ भात हवा होता."

"हवा होता," नोर्बेर्तो म्हणाला.

"सगळ्यांना हवं ते मिळालं. आणि आता परवाना नव्हता हे सगळ्यांना आठवलं आहे. फार चांगलं. कायद्याविषयी या घरात इतका आदर मी याआधी पाहिला नव्हता."

डॉन एलादिओ इतका वेळ भाताच्या तळाची खरवड चमच्याने सोडवत होते. ते नव्वदीकडे झुकले होते आणि त्यांचे ऐकणे त्यांच्या मर्जीवर चाले.

"चागो पडला होता," ते म्हणाले.

"पापा, आत्ता नको," एफ्राइन म्हणाला.

"याच घरावरून. हा मजला टाकताना. पाठ गेली त्याची." त्यांनी खरवड तोंडात टाकली आणि ती संपेपर्यंत सगळ्यांना थांबायला लावले. "दोन मोसम त्याच्या मळ्यातली कॉफी मी तोडली. आधी त्याची, मग माझी. तुमची आई त्याच्या घरी डबा न्यायची."

"तेव्हाचं वेगळं होतं. तेव्हा कोण विचारत होतं?"

"कुणी नाही. म्हणून तर करावं लागायचं."

"पण तो तुमचा गडी होता का पाहुणा, पापा?" मिग्दालियाने विचारले. तिला उत्तर आपल्या बाजूचे हवे होते.

म्हाताऱ्याने तिच्याकडे असे पाहिले की प्रश्न त्यांच्या कानापर्यंत आला असावा, पण आत घेण्याजोगा वाटला नसावा. "चागो होता. वर चढला तो आपला. पडला तर ज्याचं छप्पर त्यानं सांभाळायचा. त्यात विचारायचं काय?"

"लिहून दिलं होतं कुठे?" एफ्राइन कुचकटपणे म्हणाला.

"तो ओरडला. तेवढं पुरलं."

त्यांनी हे सगळे चमच्याकडे पाहत सांगितले. ब्रुनिल्दाकडे एकदाही पाहिले नाही, आणि तेवढ्यावरूनच तिला कळले की ते तिलाच सांगत होते. तिचा राग आतल्या आत थंड आणि टणक झाला. निधीच्या नियमांतले जे कलम तिने आठवडाभर गिळून ठेवले होते, ते या माणसाने एक ओळ न वाचता तुरीच्या भाताबरोबर टेबलावर मांडले होते. त्याला खोली नको होती. तो त्याच्या खोलीत झोपत होता.

बाहेर गाडी थांबली.

"पाहुणा," एफ्राइन घाईने म्हणाला. "ठरलं ना?"

"गडी," मिग्दालिया म्हणाली.

"या, या," नोर्बेर्तो दाराकडे पाहून म्हणाला. "मी उठलो असतो, पण."

तपासनीस मिस पाबोन एफ्राइनपेक्षा वयाने लहान होती, खांद्याला पर्स आणि काखेत टॅब. पायऱ्या चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. तिने कॉफी नको म्हटले. या घरात ते चालत नाही हे कळल्यावर घेतली. तिच्या चेहऱ्यावर दमणूक होती, आणि आज तिच्याशी खोटे बोलणारे हे पहिले कुटुंब नव्हते.

"शनिवारी इथं काय चाललं होतं?" तिने विचारले.

"कौटुंबिक स्नेहसंमेलन," एफ्राइन म्हणाला.

"छपरावर?"

"हवा चांगली होती."

"सिमेंट ओतत?"

"ते ओघात झालं. आमच्याकडे असंच असतं, मिस. माणसं जमतात, हातभार लावतात. पाहुणेच सगळे. माझा नवरा, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा," तो अडखळला, "तोही पाहुणाच."

मिस पाबोनने टॅब फिरवून टेबलावर ठेवला. नारिंगी शर्टांची ती ओळ उन्हात इतकी आनंदात होती की ब्रुनिल्दाने नजर वळवली.

"हे सगळे पाहुणे?"

"आमच्यात पाहुणे एका रंगाचे असतात."

"आमच्यातही," मिस पाबोन म्हणाली. "माझ्या आजीच्या वाढदिवसाला हिरवे होते. पण छातीवर ठेकेदाराचा नोंदणी क्रमांक नव्हता." तिने बोटाने फोटो मोठा केला. "आणि खाली 'टीम' लिहिलंय. बरं. यात नोर्बेर्तो कुठले?"

एफ्राइनला धीर आला. "तेच सांगतोय. तो नाहीच फोटोत. बघा ना. शर्ट नाही, फावडं नाही, काही नाही. तो कामावर असता तर टीममध्ये दिसला नसता?"

मिग्दालियाने टॅबवर वाकून पाहिले. हे खरे होते. आठवडाभर त्या फोटोवर डोळे ठेवूनही तिच्या ते ध्यानात आले नव्हते.

"फोटो काढला कुणी?" मिस पाबोनने विचारले.

एफ्राइनने पलंगाकडे पाहिले.

"मी," नोर्बेर्तो पलंगावरून म्हणाला. "सगळे मावत नव्हते. तीन पावलं मागे गेलो, तरी एफ्राइनचं कोपर कापलं जात होतं. म्हटलं, आणखी एक."

"म्हणजे फोटो काढताना पडलात."

"हो. पण कोपर आलं."

मिस पाबोनने काही टिपून घेतले. मग सावकाश, शब्द मोकळे ठेवत विचारले, "आणि फोटो काढायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

ब्रुनिल्दाला कळले की सगळे इथे येऊन थांबले होते. बादल्या ओढणे स्नेहापोटी असू शकते. पण फोटो संस्थेच्या पानासाठी होता, संस्थेच्या जाहिरातीसाठी, आणि नोर्बेर्तोच्या हातात फोन देऊन 'जरा मागे हो, पानावर टाकायचाय' असे म्हणणारा माणूस संस्थेचा मालक होता. तो एवढे एक वाक्य बोलला नसता तर नोर्बेर्तो पाहुणा राहिला असता. एफ्राइनलाही ते कळले. आयुष्यभर शब्द न अडणारा तो माणूस टेबलाच्या लाकडाकडे पाहत होता. मिग्दालिया त्याच्याकडे पाहत होती, आणि जे तिला हवे होते ते आता समोर आले असताना तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचे काही नव्हते. तो तिचा धाकटा भाऊ होता. तिने त्याला चालायला शिकवले होते.

डॉन एलादिओंनी चमचा खाली ठेवला.

"मी सांगितलं," ब्रुनिल्दा म्हणाली.

सगळे वळले.

"खोली माझी आहे. मला आठवणीसाठी फोटो हवा होता. माणसं मी बोलावली, जेवण मी घातलं. एफ्राइन माझ्या सांगण्यावरून आला, भाऊ म्हणून. शर्ट त्याच्याकडे पडून होते, कपडे खराब होऊ नयेत म्हणून सगळ्यांनी घातले. फोटो त्याने नंतर पानावर टाकला, मला न विचारता." तिने एफ्राइनकडे पाहिले. "त्याला जिथे तिथे नाव लावायची खोड आहे."

सरकारी माणसासमोर तिने उच्चारलेले हे पहिले खोटे होते. ते इतके सुबक निघाले की तिला स्वतःचाच राग आला.

मिस पाबोनने टॅबवर नवे पान उघडले. "म्हणजे मालक तुम्ही."

"मी."

"तात्पुरती पॉलिसी?"

"नाही."

"बांधकामाचा परवाना?"

"अर्ज आहे."

"परवाना?"

"अर्ज आहे."

मिस पाबोनने मान वर केली. ब्रुनिल्दाच्या तोंडून ते दुसऱ्यांदा ज्या सुरात आले, त्यात तिला काहीतरी ओळखीचे ऐकू आले असावे. मग ती नोर्बेर्तोकडे वळली. "बरोबर आहे हे?"

नोर्बेर्तोने बायकोकडे पाहिले, मेहुण्याकडे पाहिले, आणि मग बऱ्याच वेळाने ब्रुनिल्दाकडे. आठवडाभरात तो पहिल्यांदाच थट्टेशिवाय बोलला.

"ती म्हणाली, जरा मागे हो. मी झालो."

मिस पाबोनने सगळे नोंदवले. नोर्बेर्तोने उद्या निधीच्या दवाखान्यात यावे. शस्त्रक्रियेची तारीख तिथे मिळेल, घरखर्चाचेही तिथेच ठरेल. खर्चाची मागणी मालकीणबाईंच्या नावे निघेल. परवान्याबाबत संबंधित कार्यालयाला कळवणे तिला भाग होते. पाहणी होईल, आदेश निघेल. खोली ठेवायची की पाडायची, ते तिच्या हातात नव्हते. "तोवर वर काही करू नका," ती उठता उठता म्हणाली.

"पाणी मारायचं आहे," ब्रुनिल्दा म्हणाली.

"काय?"

"स्लॅब ताजा आहे. पाणी मारलं नाही तर तडकेल."

मिस पाबोन दारात थांबली. "पाणी मारणं हे बांधकामात धरतात की नाही, ते मला विचारावं लागेल," ती म्हणाली. आणि आपण काय बोललो हे कानांवर पडल्यावर एकही शब्द न वाढवता पायऱ्या उतरू लागली.

गाडी वळणाआड जाताच घरात बोलणे सुरू झाले, आधी दबकत, मग नेहमीच्या आवाजात. दवाखान्यात सकाळी कुणाची गाडी न्यायची. पाय कसा ठेवायचा. मागे झोपवायचा की पुढे. मिग्दालियाने भात पुन्हा गरम करायला ठेवला, आणि जाता जाता ब्रुनिल्दाच्या खांद्याला तिचा हात लागला आणि तिथेच क्षणभर राहिला. ब्रुनिल्दाला तो हात आवडला नाही. एवढ्या स्वस्तात कुणी सुटू नये असे तिला वाटत होते. संकट टळले की हे घर लगेच जेवायला बसे. आईच्या वेळीही बसले होते.

"सर—" एफ्राइन म्हणाला, आणि थांबला. "ब्रुनी. मी त्या बिलाचं—"

"भरशील. लिहून घेईन मी तुझ्याकडून. दोन साक्षीदारांसमोर."

ती बाहेरच्या जिन्याने वर गेली. स्लॅबवर ऊन पसरले होते, कडांना तो पांढुरका पडू लागला होता. कोपऱ्यात कुणाची तरी नारिंगी बाही सिमेंटला चिकटून सुकली होती. जिथे दार येणार होते तिथे सळ्या वर आलेल्या होत्या. तिने नळी सोडली आणि मधून पाणी मारायला सुरुवात केली, रागाने, एकाच जागी, त्यामुळे ते साचू लागले.

"कडेनं मार," मागून आवाज आला. डॉन एलादिओ भिंतीला धरून वर आले होते. त्यांनी कधी कुणाचे आभार मानले नव्हते, आणि आताही त्यांच्या मनात तसे काही दिसत नव्हते. "कडा आधी सुकतात."

तिने नळी कडेकडे वळवली.

"पाडायला सांगतील?" त्यांनी विचारले.

"सांगतील."

"पाडायलाही परवाना लागतो?"

"लागतो, पापा."

"आणि त्याला काय जोडायचं?"

ब्रुनिल्दाने क्षणभर नळी जिथल्या तिथे धरली. पाणी कडेवरून खाली गळू लागले, आणि खालून नोर्बेर्तो कुणालातरी सांगत असलेला ऐकू आला, की छत गळतंय, आता घरदुरुस्तीवाल्याला बोलवा.

"खालच्या मजल्याचा परवाना," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान डोलावली. मग तिच्या हातातून नळी घेतली आणि जिथे दार येणार होते तिथल्या सळ्यांभोवती, घाई न करता, पाणी मारायला लागला.